साथीच्या काळातील सार्वजनिक आरोग्यव्यय आणि भ्रष्टाचार : एका रूढ समजुतीची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

महामारीच्या काळात सार्वजनिक पैसा ज्या वेगाने खर्च होतो, तसा तो युद्धकाळ सोडल्यास एरव्ही क्वचितच खर्च होतो. रुग्ण दारात उभा असतो. लागणारी वस्तू बाजारात नसते. ज्याच्यापाशी ती असते तो सांगेल ती किंमत द्यावी लागते. आणि ही किंमत मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला उद्यापर्यंत थांबण्याची सवड नसते. अशा वेळी गैरव्यवहाराला वाव मिळतो, याविषयी कोणाचे दुमत नाही. मतभेद आहे तो या वस्तुस्थितीवरून कोणता निष्कर्ष काढावयाचा याविषयी.

या बाबतीत दोन पक्ष संभवतात. पहिला पक्ष म्हणतो की, घराला आग लागली असता पाण्याचे दर विचारीत बसणे हा मूर्खपणा होय. प्रथम जीव वाचवावेत, हिशेब मागाहून पाहता येईल. दुसरा पक्ष म्हणतो की, नियम हे मोहाच्या प्रसंगासाठीच असतात. मोह नसताना पाळावयाचे आणि मोहाच्या क्षणी गुंडाळून ठेवावयाचे असतील, तर त्यांना नियम म्हणण्यात अर्थ नाही. हे दोन पक्ष परस्परविरोधी दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. सार्वजनिक खरेदीतील सचोटी निविदांच्या स्पर्धेवर अवलंबून असते, आणि स्पर्धा गेली की सचोटीची हमीही जाते, ही ती समजूत होय. पहिला पक्ष ही हानी सोसावयास तयार असतो, दुसरा तयार नसतो, एवढाच काय तो फरक.

या समजुतीला शास्त्रीय रूप देणारे एक सूत्र अभ्यासकांत रूढ आहे. रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कंट्रोलिंग करप्शन’ या ग्रंथात ते मांडले. मक्तेदारीत विवेकाधिकार मिळवावा, त्यातून उत्तरदायित्व वजा करावे, म्हणजे भ्रष्टाचाराचे प्रमाण कळते, असा त्याचा आशय आहे. साथीच्या काळाला हे सूत्र लावले तर उत्तर निराशाजनक येते. माल विकणारे थोडे, म्हणून मक्तेदारी वाढलेली. निर्णय तडकाफडकी, म्हणून विवेकाधिकार वाढलेला. राहते ते उत्तरदायित्व. परंतु ‘उत्तरदायित्व’ ही सूत्रातील एकसंध राशी मानल्यामुळे येथे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. तो भेद उघड करून तीन देशांतील अनुभवांवर तो पारखून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. निवड आणि नोंद

सरकारी खरेदीचे नियम दोन जातींचे असतात. काही नियम निवडीचे असतात : जाहिरात द्यावी, मुदत द्यावी, दरपत्रके मागवावीत, ती सर्वांसमक्ष उघडावीत, किमान दर स्वीकारावा. काही नियम नोंदीचे असतात : अमुक पुरवठादार कोणी सुचविला, तो का पत्करला, दर कोणत्या आधारावर ठरला, माल कोणी मोजून घेतला, रक्कम कोणाच्या हाती पडली, आणि हे सारे कोणत्या तारखेस घडले, हे लिहून ठेवावे. पहिल्या जातीच्या नियमांना काळ लागतो, आणि साथीत नेमका तोच नसतो. दुसऱ्या जातीच्या नियमांना लागतो तो एक कारकून, एक वही आणि घटकाभर वेळ.

हा भेद नवा नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील आठव्या अध्यायात अधिकाऱ्यांनी केलेल्या अपहाराचे चाळीस प्रकार गणले आहेत. ते लक्षपूर्वक वाचले असता असे दिसते की, त्यांपैकी पुष्कळ प्रकार लिहिण्याच्या वेळेशी, लिहिलेल्या नावाशी आणि लिहिलेल्या परिमाणाशी केलेले खेळ आहेत. आधी आलेली रक्कम मागाहून दाखविणे, एकाकडून मिळालेले दुसऱ्याच्या नावावर घालणे, या त्यातील नमुन्यादाखल तऱ्हा. खजिन्यात प्रत्यक्ष हात घालणारा चोर त्या यादीत गौण आहे. प्रधान आहे तो खोटे लिहिणारा किंवा लिहावयाचे ते न लिहिणारा. अपहाराची मूळ जागा कोठे आहे हे त्या शास्त्रकाराने अचूक हेरले होते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

निवडीचे नियम स्थगित करणे आणि नोंदीचे नियम स्थगित करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे मान्य केले की वर सांगितलेल्या दोन्ही पक्षांची भूमिका डळमळू लागते. पहिला पक्ष ‘हिशेब मागाहून पाहू’ असे म्हणतो. पण जे लिहिलेच नाही ते मागाहून पाहता येत नाही. दुसरा पक्ष सर्व नियमांना सारखेच पवित्र मानतो. पण त्यामुळे अशक्य नियमाबरोबर शक्य नियमही मोडला जातो, आणि मोडणाऱ्याला अशक्यतेची सबब आयती मिळते.

३. ब्रिटनचा अनुभव

या भेदाची कसोटी पाहण्यास ब्रिटनचे २०२० सालचे उदाहरण फार उपयोगी आहे. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालय स्वतंत्र आहे, न्यायालये या विषयात पडली आहेत, आणि मुख्य म्हणजे तेथील कायद्यात वरील भेद आधीपासून होता. २०१५ च्या सार्वजनिक कंत्राटांच्या नियमावलीत अत्यंत निकडीच्या प्रसंगी स्पर्धेविना थेट कंत्राट देण्याची मुभा होती. १८ मार्च २०२० रोजी मंत्रिमंडळ कार्यालयाने एक मार्गदर्शक टिपण काढून या मुभेची आठवण सर्व खात्यांना करून दिली. त्याच टिपणात निर्णयांची योग्य नोंद ठेवण्याचीही सूचना होती. म्हणजे निवडीचा नियम सैल करण्यात आला, नोंदीचा नाही. निदान कागदोपत्री तरी स्थिती अशी होती.

प्रत्यक्षात काय घडले ते लेखापरीक्षण कार्यालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या अहवालातून कळते. ३१ जुलै २०२० पर्यंत साथीशी संबंधित ८,६०० हून अधिक कंत्राटे देण्यात आली होती व त्यांचे मूल्य १८ अब्ज पौंड होते. त्यांपैकी १०.५ अब्ज पौंडांची कंत्राटे कोणत्याही स्पर्धेविना देण्यात आली. हा आकडा वृत्तपत्रांतून पुष्कळ गाजला. परंतु विचार करता असे दिसते की, या आकड्यात स्वतःहून दोषास्पद असे काही नाही. रुग्णालयातील परिचारिकेला अंगरखा आणि मुखपट्टी आज हवी होती; सहा आठवड्यांची निविदा तिच्या उपयोगाची नव्हती.

दोषाची जागा अन्यत्र आहे. संरक्षक साहित्य पुरविण्याची तयारी दाखविणाऱ्यांची संख्या एवढी मोठी होती की त्यांची छाननी करण्यासाठी दोन वाटा करण्यात आल्या. एक सर्वसामान्य वाट, आणि दुसरी मंत्री, संसदसदस्य, वरिष्ठ अधिकारी इत्यादींनी शिफारस केलेल्यांसाठी अग्रक्रमाची वाट. लोकांच्या तोंडी हिचे नाव ‘व्हीआयपी लेन’ असे पडले. अग्रक्रमाच्या वाटेने आलेल्या ४९३ पुरवठादारांपैकी ४७ जणांना कंत्राटे मिळाली. सर्वसामान्य वाटेने आलेल्या १४,८९२ पैकी १०४ जणांना मिळाली. पहिल्या वाटेवर दहात एक, दुसऱ्या वाटेवर शंभरात एकाहूनही कमी, असे हे प्रमाण पडते.

या तफावतीचा अर्थ काय लावावयाचा? दोन अर्थ संभवतात. शिफारस करणाऱ्यांनी खरोखरीच अधिक भरवशाचे पुरवठादार निवडून पाठविले असतील. किंवा ओळखीपाळखीच्या लोकांना दार उघडे मिळाले असेल. यांपैकी कोणता अर्थ खरा, हे ठरविण्यासाठी प्रत्येक पुरवठादाराची शिफारस कोणी केली हे ठाऊक असणे अवश्य होते. लेखापरीक्षकांना असे आढळले की, निम्म्याहून कमी प्रकरणांतच शिफारस करणाराचे नाव लिहिलेले होते. एका पुरवठादाराचे नाव तर चुकीने अग्रक्रमाच्या यादीत पडले होते. काही प्रकरणांत विशिष्ट पुरवठादार का निवडला आणि हितसंबंधांच्या आड येण्याची शक्यता कशी तपासली, याचे पुरेसे कागद नव्हते. काही ठिकाणी काम सुरू झाल्यानंतर मागाहून कंत्राटाचे कागद तयार करण्यात आले होते.

प्रसिद्धीच्या बाबतीतही हेच झाले. जुलै २०२० अखेरपर्यंत दिलेल्या, २५,००० पौंडांहून अधिक मूल्याच्या १,६४४ कंत्राटांपैकी ५५ टक्के कंत्राटांचा तपशील १० नोव्हेंबर २०२० पर्यंतही प्रसिद्ध झालेला नव्हता. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाने आरोग्यखात्याची ही दिरंगाई बेकायदा ठरविली. अग्रक्रमाच्या वाटेने कंत्राटे मिळविणाऱ्यांची यादी शासनाने अधिकृतपणे प्रसिद्ध केली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे खरेदीची घाई ओसरून वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर. स्पर्धा थांबविण्यास साथीची निकड हे कारण पुरेसे होते; झालेली कंत्राटे दीड वर्ष झाकून ठेवण्यास ते कसे पुरे पडावे, हे कळत नाही.

१२ जानेवारी २०२२ चा उच्च न्यायालयाचा दुसरा निकाल या दृष्टीने मननीय आहे. दोन पुरवठादारांच्या संदर्भात अग्रक्रमाच्या वाटेचा वापर समान वागणुकीच्या तत्त्वाचा भंग करणारा, म्हणून बेकायदा होता, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर त्यांची देकार-पत्रे सर्वसामान्य वाटेने आली असती तरी त्यांना कंत्राटे मिळण्याचा संभव होता, असेही म्हटले. येथे भ्रष्टाचार सिद्ध झाला नाही. सिद्ध झाली ती असमानता. ज्यांना सर्व काही लाचलुचपतीनेच घडले असे वाटत होते त्यांचे या निकालाने समाधान झाले नाही, आणि ज्यांना काहीच वावगे घडले नाही असे वाटत होते त्यांचेही झाले नाही. नोंद अपुरी असली म्हणजे सत्य असे अर्ध्यावर थांबते.

४. तोटा आणि अपहार

साथीतील खर्चावर लिहिणाऱ्यांच्या हातून वारंवार होणारा एक प्रमाद येथे दाखविणे अवश्य आहे. तो म्हणजे तोटा आणि अपहार यांची गल्लत. ब्रिटिश आरोग्यखात्याने २०२०-२१ या वर्षात संरक्षक साहित्यावर सुमारे १२.१ अब्ज पौंड खर्च केले आणि त्यांपैकी ८.७ अब्ज पौंडांचे मूल्य हिशेबातून कमी केले, हे जानेवारी २०२२ मध्ये उघड झाले. आकडा थक्क करणारा आहे. परंतु त्याची फोड केली असता दिसते की, त्यांतील ४.७ अब्ज पौंडांची घट बाजारभाव उतरल्यामुळे झालेली होती, सुमारे २.६ अब्ज पौंडांचा माल आरोग्यसेवेच्या वापरास योग्य ठरला नाही. सुमारे ६७ कोटी पौंडांचा माल सदोष निघाला. आणि उरलेला गरजेपेक्षा अधिक होता. टंचाईत चढ्या भावाने घेतलेल्या वस्तूचे मूल्य टंचाई सरल्यावर उतरणे हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. त्याला चोरी म्हणता येणार नाही. २०२० च्या वसंत ऋतूत मुखपट्ट्यांच्या काही प्रकारांच्या किमती आदल्या वर्षाच्या अडीचपटीहून अधिक झाल्या होत्या, आणि मृतदेह ठेवावयाच्या पिशव्यांची किंमत तर चौदापट झाली होती. ही किंमत देणारा प्रत्येक अधिकारी भ्रष्ट ठरविणे हा अन्याय होईल.

पण चौदापट किंमत देणाऱ्यांत एखादा भ्रष्ट असेल तर तो ओळखावयाचा कसा? त्याच दिवशी तीच वस्तू इतरांनी कोणत्या दराने घेतली, आणखी कोणाकडे विचारणा केली होती, मालाचा नमुना कोणी पाहिला, एवढे लिहिलेले असेल तरच. ते लिहिलेले नसेल तर बाजाराचा उन्माद आणि माणसाचा लोभ एकाच आकड्यात मिसळून जातात आणि पुन्हा वेगळे करता येत नाहीत. याचा लाभ लोभी माणसाला मिळतो, आणि हानी मुख्यतः सोसावी लागते ती प्रामाणिक अधिकाऱ्याला. रात्री दोन वाजता आपल्या सहीने कोट्यवधींचा माल मागविणाऱ्या आणि त्यात एक पैही न खाणाऱ्या माणसापाशी पुढे चार वर्षांनी चौकशी झाल्यास स्वतःच्या बचावासाठी एकच साधन असते, आणि ते म्हणजे त्या रात्रीचे टिपण. नोंदीचा नियम हा अधिकाऱ्याविषयीच्या अविश्वासातून निघालेला नियम आहे असे सामान्यतः मानले जाते. साथीच्या काळात तो अधिकाऱ्याच्या अब्रूचे संरक्षण करणारा नियम असतो, ही त्याची दुसरी बाजू दुर्लक्षित राहिली आहे.

वसुलीच्या दृष्टीनेही नोंदीचे मोल असेच दिसून येते. पीपीई मेडप्रो या कंपनीने पुरविलेले अडीच कोटी शस्त्रक्रियेचे अंगरखे निर्जंतुकतेविषयीच्या अटी पुऱ्या करीत नव्हते, म्हणून तिने सुमारे १२.२ कोटी पौंड परत करावेत, असा निकाल लंडनच्या उच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला. हा दावा लाचेचा नव्हता, करारभंगाचा होता. आणि करारात अट लिहिलेली होती म्हणूनच तो उभा राहू शकला. मात्र निकालाच्या तोंडावरच कंपनी प्रशासकाच्या हाती देण्याची प्रक्रिया सुरू झालेली होती. न्याय मिळणे आणि पैसा मिळणे यांत पाच वर्षांचे अंतर पडले की दुसरी गोष्ट पहिलीच्या मागून येईलच असे नाही.

५. सिएरा लिओन : हिशेबतपासनीस आणि साथ

ब्रिटन हा संपन्न देश आहे. जेथे कारकून, वही आणि वीज यांचीच वाण आहे, तेथे नोंदीचा आग्रह धरणे हा क्रूर विनोद नव्हे काय, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तर सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतील लहान देशाच्या अनुभवात आहे. मे २०१४ मध्ये तेथे इबोलाची साथ पोहोचली. तिच्यात जवळजवळ ४,००० माणसे दगावली. साथ चालू असतानाच तेथील लेखापरीक्षण सेवेने मे ते ऑक्टोबर २०१४ या सहा महिन्यांतील इबोलानिधीच्या खर्चाची तपासणी केली व फेब्रुवारी २०१५ मध्ये, म्हणजे साथ संपण्यापूर्वीच, अहवाल प्रसिद्ध केला. खर्चाच्या जवळजवळ एक-तृतीयांश भागाला पुरेशा पावत्या व कागदपत्रे नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता. रुग्णसेवकांना द्यावयाचा जोखीमभत्ता त्यांच्या हाती पडल्याचा पुरावाही काही ठिकाणी मिळाला नाही.

या शेवटच्या मुद्द्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. इबोलाचा रोगी उचलणारा मनुष्य स्वतःचा जीव धोक्यात घालीत होता आणि त्यासाठी त्याला भत्ता कबूल केलेला होता. त्याला तो मिळाला की मधल्यामध्ये कोणी गिळला, हे सांगणारे वहीचे पान नव्हते. अशा ठिकाणी नोंदीचा अभाव ही कचेरीतील उणीव राहत नाही. ती त्या माणसाची मजुरी बुडविण्याची संधी होते. आणि सेवकाला मजुरी मिळाली नाही तर तो कामावर येत नाही, हे साथीच्या प्रसाराचेही एक कारण होते. भ्रष्टाचार आणि मृत्युसंख्या यांचा संबंध लावावयाचा तो असा, प्रत्यक्ष दुव्यांनी लावावयाचा.

या अहवालाने दाखविलेली दुसरी गोष्ट अशी की, साथ चालू असताना हिशेब तपासता येतो. ‘मागाहून पाहू’ हे वाक्य अपरिहार्य नाही. त्याच संस्थेने २०२० मध्ये कोविडवरील खर्चाचीही अशीच तत्काल तपासणी केली. परंतु या कथेला उत्तरार्ध आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील महालेखापरीक्षक लारा टेलर-पिअर्स यांना, वार्षिक लेखापरीक्षण अहवाल सादर होण्याच्या सुमारास, पदावरून निलंबित करण्यात आले. नोंद असून चालत नाही. ती निर्भयपणे वाचणारा कोणी असावा लागतो. प्रस्तुत उपपत्तीला ही मर्यादा घातलीच पाहिजे.

६. भारतातील कायदा

याच कसोटीवर आपल्याकडील कायदा पाहणे उद्बोधक ठरेल, कारण त्याचा उगम या भूमीतच आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा उद्भव झाला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. पुण्यात त्या वर्षी प्लेगनिवारणाच्या नावाखाली जी दांडगाई झाली आणि तिचा जो शेवट झाला तो महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या इतिहासात शरीराला आणि घराला झालेल्या उपद्रवाची चर्चा विपुल आहे. कायद्याच्या आर्थिक बाजूची मात्र फारशी झालेली नाही. मूळ अधिनियम अवघ्या चार कलमांचा. त्याच्या दुसऱ्या कलमात, झालेला खर्च कोणी व कोणत्या रीतीने सोसावयाचा हे ठरविण्याचा अधिकार शासनाला दिला आहे. चौथ्या कलमात, सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही असे अभय दिले आहे. खर्च कोणाचा याचा विचार आहे, खर्च करणाऱ्याच्या संरक्षणाचा विचार आहे. खर्चाचा हिशेब कोणाला व केव्हा द्यावयाचा याविषयी एक अक्षर नाही. परकीय सरकारच्या घाईत झालेल्या कायद्यात हे स्वाभाविकच होते. सव्वाशे वर्षांनी आलेल्या कोविडच्या साथीतही तोच कायदा वापरला गेला, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम याहून अधिक तपशीलवार आहे. त्याच्या पन्नासाव्या कलमात तातडीच्या खरेदीची तरतूद असून तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागानुसार अशा खरेदीत निविदा मागविण्याची नेहमीची पद्धत माफ झाली असे मानले जाते. हा निवडीच्या नियमाचा संकोच होय, आणि तो समर्थनीय आहे. दुसऱ्या भागानुसार अधिकार दिलेल्या नियंत्रक अधिकाऱ्याने सामग्रीच्या विनियोगाबद्दल दिलेले प्रमाणपत्र हिशेबाच्या कामी वैध व्हाउचर समजले जाते. हा नोंदीच्या नियमाचा संकोच होय. पूरग्रस्त गावात होडीवाल्याला रोख पैसे देणाऱ्या तलाठ्याला ही सवलत द्यावी हे योग्यच आहे. परंतु महिनोन्महिने चालणाऱ्या महामारीत, संगणकांनी सज्ज अशा कचेरीतून होणाऱ्या कोट्यवधींच्या खरेदीलाही तीच सवलत लागू व्हावी, हे तर्काला पटत नाही. पूर आणि महामारी यांतील कालमानाचा फरक कायद्याने लक्षात घेतलेला नाही. पूर काही दिवसांत ओसरतो. महामारीतील तिसऱ्या महिन्याची खरेदी पहिल्या आठवड्याच्या खरेदीएवढी आकस्मिक नसते.

या तरतुदींचा व्यवहारात कसा उपयोग होतो त्याचे एक उदाहरण मुंबईतच मिळते. राज्य शासनाच्या विनंतीवरून भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे बारा हजार कोटी रुपयांच्या कामांची विशेष तपासणी केली. तो अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळापुढे आला. त्यातून कोविडवरील सुमारे साडेतीन हजार कोटींचा खर्च वगळला गेला. १८९७ च्या साथरोग अधिनियमाचा आधार घेऊन महापालिकेने या खर्चाची तपासणी होऊ देण्यास हरकत घेतली होती. त्या खर्चात गैरव्यवहार झाला असे यावरून मुळीच सिद्ध होत नाही. मुद्दा वेगळाच आहे. सद्भावनेने वागणाऱ्या माणसाला दिलेले अभय हिशेबाच्या वहीलाही लागू होते असा अर्थ लावता आला, ही त्या कायद्यातील मौनाची परिणती आहे. आणि तो खर्च निर्मळ असेल, तर त्याची निर्मळता सिद्ध होण्याची संधीही या मौनाने हिरावून घेतली.

७. आक्षेप आणि त्यांचा विचार

येथवरच्या विवेचनावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, नोंद खोटीही असू शकते. कागद नीटनेटका ठेवणारा चोर हा कागद न ठेवणाऱ्या चोरापेक्षा अधिक धोक्याचा. हा आक्षेप निराधार नाही. इबोलाच्या साथीत आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस व रेड क्रेसेंट संघांच्या महासंघाचे साठ लाख डॉलरांच्या आसपास नुकसान झाल्याचे त्या संस्थेने २०१७ मध्ये स्वतःच जाहीर केले. त्यात गिनीमध्ये मालाच्या जकात-सोडवणुकीची फुगवलेली व खोटी बिले होती, लायबेरियात मदतसामग्रीचे वाढविलेले दर होते, आणि सिएरा लिओनमध्ये कर्मचारी व बँकेतील माणसे यांचे संगनमत होते. म्हणजे कागद होते आणि ते खोटे होते. परंतु हे नुकसान उघडकीस आले ते कशामुळे, हेही पाहिले पाहिजे. खोटे बिल खऱ्या बिलाशी ताडून पाहता येते. वाढविलेला दर दुसऱ्या दराशेजारी ठेवता येतो. खोटी नोंद हा अपराधाचा पुरावा असतो. न केलेली नोंद कशाचाच पुरावा नसते.

दुसरा आक्षेप असा की, साथीत मनुष्यबळ अपुरे असते आणि लिहिण्याचे काम शेवटी डॉक्टर व परिचारिका यांच्याच डोक्यावर पडते. येथे कोणत्या नोंदीविषयी बोलले जात आहे याचा विवेक करावयास हवा. खरेदीची नोंद खाटेपाशी होत नाही, खरेदीखात्यात होते. आणि करार लिहावयाचाच असतो, तर त्याची प्रत प्रसिद्ध करण्यास अधिक श्रम पडत नाहीत. हे शक्य आहे याचे उदाहरण युक्रेनने घालून दिले. त्या देशाने मार्च २०२० मध्ये कोविडसंबंधी खरेदीला स्पर्धेच्या नियमांतून सूट दिली. मात्र करार झाल्यापासून एका दिवसाच्या आत त्याचा अहवाल, नगाच्या दरासह, ‘प्रोझोरो’ या सार्वजनिक संगणकीय प्रणालीवर नोंदविण्याचे बंधन घातले. त्यामुळे एका शहराच्या रुग्णालयाने मुखपट्टी कोणत्या भावाने घेतली हे दुसऱ्या शहरातील नागरिक पाहू शकत होता. त्या देशातून भ्रष्टाचार नाहीसा झाला असे कोणी म्हणणार नाही. तथापि निवड मोकळी सोडून नोंद घट्ट धरता येते, आणि तीही गरीब व संकटग्रस्त देशाला, एवढे यावरून निश्चित होते.

ब्रिटननेही पुढे आपल्या कायद्यात बदल केला. २०२३ चा नवा खरेदी अधिनियम २४ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आला असून, थेट कंत्राट देण्यापूर्वी तशी सूचना प्रसिद्ध करणे आणि हितसंबंधांचे मूल्यमापन लिहून ठेवणे या गोष्टी त्यात आल्या आहेत. पुढील साथीत या तरतुदी कितपत टिकतात, यावरच त्यांचे खरे मूल्य ठरेल.

८. निष्कर्ष

साथीच्या काळात भ्रष्टाचाराची भीती घाईमुळे निर्माण होते ही समजूत अर्धसत्य आहे. घाईमुळे स्पर्धा जाते, हे खरे. परंतु स्पर्धेबरोबर नोंदही गेली पाहिजे असे नाही. ब्रिटनमध्ये संशय चिरस्थायी झाला तो स्पर्धा नव्हती म्हणून नव्हे, तर शिफारस करणाऱ्याचे नाव लिहिलेले नव्हते म्हणून. सिएरा लिओनमध्ये रुग्णसेवकाचा भत्ता कोठे गेला हे कळले नाही ते पावती नव्हती म्हणून. मुंबईतील खर्चाविषयी निर्णय होऊ शकला नाही तो वही पाहू दिली गेली नाही म्हणून. क्लिटगार्ड यांच्या सूत्रातील उत्तरदायित्वाचे पूर्वभावी व पश्चाद्भावी असे दोन घटक पाडले, तर त्यांचे सूत्र या प्रसंगाला अधिक नेमकेपणाने लागू पडेल. पूर्वभावी घटक संकटात क्षीण होणे अटळ आहे. म्हणून पश्चाद्भावी घटक त्या प्रमाणात बळकट करावा लागतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दोन्ही एकदम सैल करण्यात आले, आणि त्याला निकड हे नाव देण्यात आले.

भारतीय कायद्यापुरते बोलावयाचे तर तीन गोष्टी विचारार्थ ठेवता येतील. साथरोगाविषयीच्या कायद्यात सद्भावनेच्या अभयाची मर्यादा स्पष्ट करून ते लेखापरीक्षणाच्या आड येत नाही असे शब्दांनी सांगणे. प्रमाणपत्रालाच व्हाउचर मानण्याच्या सवलतीला रकमेची आणि दिवसांची मर्यादा घालणे. आणि संकट चालू असतानाच टप्प्याटप्प्याने तपासणी करून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करणे. यांपैकी कोणतीही सूचना रुग्णाला औषध मिळण्यास एका तासाचाही विलंब करणारी नाही.

या विषयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करण्याजोगे काम पुष्कळ आहे. जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि शासकीय रुग्णालये यांची २०२० व २०२१ सालची साठा-नोंदपुस्तके, तसलमातीचे हिशेब आणि दरपत्रके अद्याप कचेऱ्यांतून पडून असतील. एकाच महिन्यात एकाच वस्तूसाठी शेजारच्या दोन जिल्ह्यांनी दिलेले दर एवढेच जरी कोणी जुळवून पाहिले, तरी बाजाराने घेतले किती आणि माणसाने घेतले किती, याचा प्रथमच काही अंदाज बांधता येईल. अशा कागदांच्या जपणुकीची मुदत संपली की ते नष्ट केले जातात. म्हणून हे काम आताच हाती घेतले पाहिजे.